घरी स्पीकर घ्यायचा आहे? आधी खोली पाहा

स्पीकर घ्यायला दुकानात गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न हमखास विचारला जातो तो 'बजेट किती?' हा, आणि उत्तर मिळाले की विक्रेता त्या किमतीतला सर्वांत दणदणीत नग काढून त्यावर खर्जाने भरलेले एखादे गाणे लावून दाखवतो. ग्राहक भारावतो, खोके उचलून घरी येतो आणि मग तोच स्पीकर दहा बाय बाराच्या खोलीत, चकचकीत फरशी आणि उघड्या भिंतींच्या मध्ये नुसता घुमू लागतो. आईसाठी स्पीकर घेताना मीही हेच केले होते. तिला सकाळी स्वयंपाक करताना अभंग आणि कीर्तने ऐकायची होती आणि मी आणला तो तरुण मुलांच्या आवडीचा, जाडजूड नळकांड्यासारखा, खर्जावर भर असलेला स्पीकर. आठवडाभराने ती म्हणाली, "अरे, पखवाज घरभर ऐकू येतो, पण बुवा काय सांगतायत ते एक अक्षर कळत नाही." त्यानंतर घेतलेला दुसरा स्पीकर पहिल्याच्या निम्म्या किमतीचा होता आणि तो आजही ओट्याशेजारी वाजतो आहे.

म्हणून पुढील क्रम मी मुद्दाम उलटा लावला आहे: आधी जागा आणि ऐकणारा माणूस, मग स्पीकरचा प्रकार, मग जोडणी, मग खोक्यावरचे आकडे आणि त्यानंतर पैसे.

पहिली पायरी: कागदावर चार उत्तरे लिहा

स्पीकर कुठे ठेवला जाणार, त्यावर मुख्यतः काय वाजणार, ऐकणारा किती अंतरावर बसणार आणि तो चालवणार कोण, या चार प्रश्नांची उत्तरे दुकानात जाण्याआधी लिहून काढावीत. उत्तर 'सगळीकडे आणि सगळे काही' असे येत असेल तर आठवड्यातले जास्तीत जास्त तास जिथे जातील तो उपयोग निवडावा, कारण गच्चीवरच्या पार्टीला पुरणारा, दूरचित्रवाणीला जोडता येणारा आणि रियाजाच्या वेळी तानपुरा नीट ऐकवणारा असा एकच स्पीकर मध्यम किमतीत मिळत नाही.

काय वाजणार, हा प्रश्न लोक सर्वांत हलक्यात घेतात. बोललेला शब्द कळण्यासाठी लागणारी व्यंजनांची धार मुख्यतः २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास असते, तर ढोल, पखवाज किंवा डग्ग्याचा भरीवपणा त्याच्या कितीतरी खाली, दोनशे हर्ट्झच्या आतल्या पट्ट्यात असतो. वयोमानाने ऐकू येणे कमी होते तेव्हा आधी वरचे स्वर कमी होतात. त्यामुळे ज्येष्ठांसाठी खर्ज फुगवलेला स्पीकर घेणे म्हणजे जे त्यांना ऐकू येतेच आहे ते वाढवणे आणि जे निसटते आहे ते झाकणे होय. बातम्या, कीर्तन, व्याख्यान, नाट्यसंगीत ऐकणाऱ्यांनी शब्द स्पष्ट आहे का, एवढेच पाहावे. नाचगाण्यासाठी घेणाऱ्यांनी खुशाल खर्ज पाहावा.

चालवणार कोण, हे तितकेच महत्त्वाचे आहे. ज्यांना फोनवरून ब्लूटूथ जोडण्याची दगदग नको असते त्यांच्यासाठी ठळक, हाताला जाणवणारी बटणे, एफएम रेडिओ आणि पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डाची सोय असलेला स्पीकर घ्यावा. सारेगामा कंपनीचे कारवां हे यंत्र २०१७ साली बाजारात आले तेव्हा त्यात सुमारे पाच हजार गाणी आधीच भरलेली होती आणि ते गाजण्यामागे आवाजाच्या दर्जापेक्षा 'चाक फिरवले की गाणे लागते' हा सोपेपणा अधिक होता. त्याची मराठी गाण्यांची आवृत्तीही मिळते. रेडिओबाबत एक बारीक गोष्ट सांगतो. अनेक स्वस्त ब्लूटूथ स्पीकरमध्ये एफएमसाठी वेगळी एरियल नसते. चार्जिंगची वायर किंवा ऑक्सची, म्हणजे हेडफोनसारख्या गोल पिनेची, वायर खोचून ठेवली तरच तिचा एरियलसारखा उपयोग होऊन स्टेशन पकडते. रेडिओ खरखरतो म्हणून स्पीकर परत करण्याआधी वायर लावून पाहावी.

दुसरी पायरी: प्रकार ठरवा

हातात मावणारे, बॅटरीवर चालणारे ब्लूटूथ स्पीकर हा सर्वांत मोठा वर्ग आहे. एका खोलीसाठी, प्रवासासाठी आणि स्वयंपाकघरासाठी हा प्रकार योग्य. यात डावा-उजवा भेद जवळपास नसतोच, कारण दोन्ही बाजूंचे स्पीकर एकाच वीतभर डब्यात असतात. तोच नमुना दुसरा घेऊन दोघांची जोडी लावण्याची सोय बऱ्याच स्पीकरमध्ये असते, पण ती बहुधा एकाच कंपनीच्या एकाच नमुन्यात चालते. म्हणून पुढे जोडी करायची असेल तर घेतानाच तशी खात्री करून घ्यावी.

आज्ञा ऐकणारे स्मार्ट स्पीकर हा दुसरा वर्ग. ॲमेझॉनचे इको आणि गूगलचे नेस्ट हे यातले परिचित नमुने. इकोमधल्या अलेक्साशी इंग्रजीत किंवा हिंदीत बोलता येते. घरातल्या आजीला मराठीतूनच बोलायचे असेल तर घेण्याआधी दुकानात तिच्याच तोंडून दोन आज्ञा देऊन पाहाव्यात. यांतले बरेचसे स्पीकर सतत भिंतीतल्या प्लगवर अवलंबून असतात, त्यामुळे वीज गेली की गाणे थांबते. मायक्रोफोन बंद करण्याचे बटण त्यावर असते, त्याचा वापर करण्यात संकोच बाळगू नये.

दूरचित्रवाणीसाठी साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घ्यावा. पातळ टीव्हीमधले स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, म्हणून मालिकेतले संवाद पुटपुटल्यासारखे वाटतात, साधा २.० किंवा २.१ साउंडबारसुद्धा तिथे मोठा फरक पाडतो. '२.१' मधला मागचा आकडा खर्जाच्या वेगळ्या पेटीचा, म्हणजे सबवूफरचा. या पेटीवर 'वायरलेस' लिहिलेले असते त्याचा अर्थ फक्त आवाजाचा संदेश वायरविना येतो इतकाच आहे. विजेची वायर तिला लागतेच, तेव्हा ती जिथे ठेवायची तिथे प्लग आहे ना, हे घरी पाहून ठेवावे. डॉल्बी ॲटमॉसच्या, म्हणजे वरूनही आवाज येतो असा भास देणाऱ्या तंत्राच्या, नावाला भुलण्याआधी आपले छत पाहावे. छताकडे आवाज फेकून तो परत खाली आणणाऱ्या साउंडबारना सपाट, फार उंच नसलेले छत लागते. कौलारू किंवा पत्र्याच्या उतरत्या छताखाली त्या सोयीचे पैसे वाया जातात.

ज्यांना बसून, लक्ष देऊन संगीत ऐकायचे आहे त्यांनी मात्र दोन स्वतंत्र बुकशेल्फ स्पीकरचा, म्हणजे फळीवर मावणाऱ्या पेट्यांच्या जोडीचा, विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. यात ॲम्प्लिफायर, म्हणजे आवाज वाढवणारे यंत्र, आतच असलेले 'ॲक्टिव्ह' आणि बाहेरून ॲम्प्लिफायर लागणारे 'पॅसिव्ह' असे दोन भेद आहेत. नवख्याने ब्लूटूथ असलेले ॲक्टिव्ह घ्यावेत. एक वायर भिंतीत, एक वायर दोन स्पीकरांच्या मध्ये, झाले काम. दिसायला ते जुन्या वळणाचे वाटतात, पण त्याच पैशातल्या एका डब्याच्या स्पीकरपेक्षा गायक मध्ये आणि तबला एका बाजूला असा मांडलेला आवाज तिथेच मिळतो.

चाके आणि दिवे लावलेल्या पार्टी स्पीकरविषयी एवढेच सांगतो की तो घरात घेऊ नये. उघड्यावर आवाज परतवायला भिंती नसतात आणि अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणून गच्चीला मोठा स्पीकर लागतो हे खरे. मात्र ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि मोठा पार्टी स्पीकर ती सहज ओलांडतो.

तिसरी पायरी: जोडणी समजून घ्या

ब्लूटूथमध्ये गाणे आधी फोनवर येते आणि फोन ते दाबून, लहान करून स्पीकरकडे पाठवतो. त्यामुळे फोन वाजला की गाणे थांबते आणि फोन घेऊन दोन भिंतींपलीकडे गेलात की आवाज तुटतो. साधारण दहा मीटर, तेही मध्ये भिंत नसताना, एवढाच पल्ला धरून चालावे. वाय-फायवर चालणारा स्पीकर गाणे थेट इंटरनेटवरून घेतो, फोन फक्त रिमोटचे काम करतो, आणि घरात जिथे वाय-फाय पोहोचते तिथे दोन-तीन खोल्यांत एकच गाणे एकाच वेळी लावता येते. मात्र नेट बंद पडले की तो बहुतेक वेळा मुका होतो. म्हणून वाय-फाय स्पीकर घेतला तरी त्यात ब्लूटूथ किंवा साधी ३.५ मिलिमीटरची ऑक्स जोडणी असावी, असा आग्रह धरावा.

ब्लूटूथवर आवाज दाबण्याच्या पद्धतींना कोडेक म्हणतात. एसबीसी ही सर्व उपकरणांत असणारी मूळ पद्धत. एएसी आयफोनवर चालते. सोनीची एलडॅक पद्धत सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवू शकते, पण आयफोनमध्ये ती नाही. आयफोन वापरणाऱ्याने एलडॅकसाठी जादा पैसे मोजणे म्हणजे नळ नसलेल्या घरात महागडी तोटी नेणे आहे. शिवाय चार-पाच हजारांच्या स्पीकरमध्ये कोडेकपेक्षा डब्याच्या आकाराने कितीतरी अधिक फरक पडतो.

घरात कोणी गाणे-वाजवणे करत असेल तर त्यांच्यासाठी यापुढचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ब्लूटूथवर आवाज पोहोचायला साधारण एक-दोन दशांश सेकंद उशीर होतो. तानपुऱ्याच्या ॲपला त्याने काही बिघडत नाही, कारण तानपुरा अखंड वाजत असतो. तबल्याचे ॲप लावून गायलात तरी चालते, कारण तुम्ही ऐकलेल्या ठेक्याच्या मागे जाता. पण कीबोर्ड ब्लूटूथने स्पीकरला जोडून वाजवायला बसलात तर बोट पडल्यावर सूर उशिरा येतो आणि लय मोडते. तिथे वायरच हवी. रियाजासाठी स्पीकर घेताना मी ऑक्सचे छिद्र आहे का, हे आधी पाहतो; अलीकडच्या अनेक नमुन्यांतून ते गायब झाले आहे, आणि ही माझी कायमची तक्रार आहे.

साउंडबार टीव्हीला जोडताना टीव्हीमागच्या ज्या एचडीएमआय छिद्रावर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिले असेल त्यातच वायर लावावी. शेजारच्या दुसऱ्या छिद्रात ती बसते, पण आवाज येत नाही. एआरसी नीट जुळले, की टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो. ऑप्टिकल वायर लावल्यास बहुधा साउंडबारचा वेगळा रिमोट हाताशी ठेवावा लागतो.

चौथी पायरी: खोक्यावरचे आकडे वाचा

नव्वदच्या दशकात टू-इन-वनच्या खोक्यांवर हजार-हजार वॉट पीएमपीओ छापलेले असत, ते आठवणाऱ्यांना आकड्यांवर विश्वास न ठेवण्याची सवय आहेच. पीएमपीओ म्हणजे क्षणभरच्या टोकाचा फुगवलेला आकडा. खरी क्षमता आरएमएस, म्हणजे सतत टिकणाऱ्या, वॉटमध्ये पाहावी. आणि तीही दुप्पट झाली म्हणजे आवाज दुप्पट झाला असे नाही. १० वॉटचे २० वॉट झाले की आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट शक्ती लागते. म्हणून १६ आणि २० वॉटच्या दोन स्पीकरांत वॉट पाहून निवड करण्यात अर्थ नाही. संगणकाच्या यूएसबी छिद्रावरच चालणाऱ्या स्पीकरवर '५० वॉट' लिहिलेले दिसले तर साधा गुणाकार करावा: ५ व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर म्हणजे अडीच वॉट, आणि साध्या यूएसबी २.० छिद्रातून त्याहून जास्त मिळण्याची अपेक्षा धरू नये.

बॅटरीच्या तासांचा आकडा बहुधा मध्यम आवाजावर मोजलेला असतो. २,००० एमएएचची ३.७ व्होल्टची बॅटरी म्हणजे ७.४ वॉट-तास, पूर्ण आवाजावर ती दिलेल्या तासांच्या जवळपासही टिकत नाही.

पाण्याबाबतचा आकडा मात्र नीट वाचावा. आयपीएक्स७ म्हणजे गोड्या पाण्यात एक मीटरपर्यंत अर्धा तास बुडून टिकणारा; आयपी६७ मधला ६ हा धूळ आत न जाण्याचा. 'एक्स' असेल तिथे धुळीची चाचणी सांगितलेली नाही असे समजावे. कोकणातल्या किनाऱ्यावर नेणाऱ्यांनी आयपी६७ पाहावा, तरीही खारे पाणी लागले की गोड्या पाण्याने धुवावा आणि चार्जिंगचे छिद्र पूर्ण कोरडे झाल्याशिवाय वायर लावू नये.

पाचवी पायरी: आता पैसे

पुढचे आकडे ढोबळ आहेत आणि सणासुदीच्या सवलतीत ते खाली येतात. एक ते दोन हजारांत स्वयंपाकघरापुरता, शब्द ऐकण्याजोगा छोटा स्पीकर मिळतो. यात खर्जाची अपेक्षा ठेवू नये आणि खर्जाचे आश्वासन देणारा घेऊही नये. तीन ते सहा हजारांत एका खोलीला पुरेल असा, पाण्यापासून सुरक्षित, नावाजलेल्या कंपनीचा स्पीकर येतो, आणि बहुतेक कुटुंबांची गरज इथेच संपते. आठ ते पंधरा हजारांच्या टप्प्यात खरी निवड करावी लागते: टीव्ही जास्त पाहत असाल तर साउंडबार, गाणे जास्त ऐकत असाल तर ॲक्टिव्ह बुकशेल्फची जोडी. याच पैशात पाचपाच स्पीकरांची स्वस्त 'होम थिएटर' संचाची जाहिरात दिसते, तिकडे वळू नये. पाच वाईट स्पीकरांपेक्षा दोन बरे स्पीकर केव्हाही चांगले. वीस हजारांच्या वर जाणाऱ्याने आधी घरातल्या फरशीवर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा लावून पाहावा, कारण रिकाम्या खोलीत महाग स्पीकरही घुमतोच.

सहावी पायरी: दुकानात ऐका

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात तपकीर गल्लीत जा किंवा तालुक्याच्या दुकानात; वाजवायचा तो आपला फोन आणि आपली गाणी. तीन गोष्टी फोनमध्ये आधीच उतरवून न्याव्यात: कोणाचे तरी बोलणे, तानपुऱ्यावरचे एकट्याचे गाणे आणि तबल्याचा एकल ठेका. तबला लावल्यावर डग्ग्याकडे कान द्यावा. वादक मनगट दाबून डग्ग्यावर मींड घेतो तेव्हा तो स्वर खालून वर सरकताना ऐकू आला पाहिजे. कमअस्सल स्पीकरमध्ये त्या जागी नुसता 'धप्प' असा एकच ठोका येतो आणि सरकणे हरवते. तानपुऱ्याच्या तारांची जवारी, म्हणजे त्यांचा गुंजता नाद, भुणभुणत राहते, की पत्र्यासारखी किणकिणते, हेही तेव्हाच कळते.

तुलना करताना दोन्ही स्पीकरांचा आवाज सारखा ठेवावा, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमी चांगलाच वाटतो आणि दुकानदारांना हे पक्के ठाऊक असते. फोनमधला आणि स्पीकरवरचा 'बास बूस्ट' बंद करावा. मग आवाज अगदी हळू करून शब्द कळतात का पाहावे, शेवटी पूर्ण वाढवून डबा थरथरतो का पाहावे. घरी आपण बहुतेक वेळा हळूच ऐकतो, म्हणून पहिली कसोटी दुसरीपेक्षा मोलाची.

ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते पाहून हीच परीक्षा पहिल्याच दिवशी घरी घ्यावी आणि तोवर खोके फाडू नये. अगदी अनोळखी नावाचा बॅटरीचा स्पीकर घेताना भारतीय मानक ब्युरोची 'आर' ने सुरू होणारी नोंदणी आहे का ते पाहावे. ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक पडताळता येतो. जवळचे सेवा केंद्र कोणत्या गावात आहे, हे विचारायला लाजू नये. वॉरंटी एक वर्षाची असली, तरी केंद्र दीडशे किलोमीटरवर असेल तर तिचा उपयोग फारसा होत नाही.

घरी आणल्यावर

लोखंडी कपाटावर किंवा काचेच्या शोकेसमध्ये स्पीकर ठेवू नये. तो वाजतो तेव्हा कपाटही वाजते. खोलीच्या कोपऱ्यात खर्ज वाढतो, म्हणून शब्द बुजत असतील तर स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हातभर पुढे आणावा, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची झोपायची खोली असेल तर त्या भिंतीला टेकवूच नये. बुकशेल्फची जोडी असेल तर दोन स्पीकरांमधले अंतर आणि प्रत्येकापासून तुमच्या खुर्चीचे अंतर साधारण सारखे ठेवावे, आणि वरचा छोटा ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणावा. उंची कमी पडत असेल तर खाली दोन जाड पुस्तके आणि वर घडी केलेला फडका पुरतो. बॅटरीचा स्पीकर महिनोन्महिने वापरायचा नसेल तर पूर्ण रिकामा किंवा पूर्ण भरलेला न ठेवता अर्धा चार्ज करून ठेवावा.

आईच्या ओट्यावरचा स्पीकर मी आधी फ्रिजवर ठेवला होता. तो तिथून उचलून मसाल्याच्या डब्याशेजारी, तिच्या खांद्याच्या उंचीच्या फळीवर आणला, तेव्हा तिने आवाज दोन घरांनी कमी केला.